कौटुंबिक कारण

(साल एकोणीसशे अडुसष्ट. रविवारची सकाळ, बंदराचा धक्का, सुसाट वारा. धक्क्याच्या एका बाजूला क्लब, त्याच्या दाराशी टांगलेला फळा आणि क्लबाच्या छोट्या शिडाच्या होड्या ताडपत्रीखाली झाकलेल्या, दुसऱ्या बाजूला श्रीमंतांच्या यॉट ओळीने बांधलेल्या. नवरा-बायको या दुसऱ्या बाजूने चालले आहेत.)

नवरा : ...आणि ही डोलकाठी बघ. कुठे सांधा दिसतोय का? अख्खी एका झाडाची आहे.

बायको : अहो, आपली होडी त्या बाजूला आहे.

नवरा : आपली होडी कुठे आहे ते मला माहीत आहे.

बायको : शर्यत दहाला सुटणार. शीड अजून पिशवीत आहे.

नवरा : पिशवीतच बरं आहे ते. वारा बघतेस ना?

बायको : बघतेय. मघाशी डोक्याचा रुमाल उडाला, तो एव्हाना पलीकडच्या गावी पोचला असेल.

नवरा : मग झालं तर.

बायको : काय झालं तर? आज जायचं नाही का?

नवरा : मी असं कुठे म्हटलं? मी फक्त म्हणतोय, आलोच आहोत तर ही यॉट बघ. पितळ बघ कसं ठेवलंय. यात तोंड बघून दाढी करावी.

बायको : ही कधी जाते बाहेर?

नवरा : बाहेर म्हणजे?

बायको : समुद्रात.

नवरा : अगं, ही काय समुद्रात न्यायची वस्तू आहे? खारं पाणी लागलं तर डाग पडतील.

बायको : नाव ‘दर्याकेसरी’ लिहिलंय.

नवरा : नाव लिहायला काय जातंय.

बायको : केसरीला खाली दाढी आलीये. शेवाळाची.

नवरा : तू नेमकं तेच बघ. आत पडदे आहेत, ते नको बघूस. फ्रिजसुद्धा आहे म्हणतात.

बायको : समुद्रावर फ्रिज कशाला?

नवरा : समुद्रावर कुठे आहे तो? धक्क्याला आहे. इथून वायर ओढून वीज देतात त्याला. तुला खरं म्हणजे सौंदर्यदृष्टीच नाही.

बायको : नसेल. मला एवढं सांगा, मघाशी तुम्ही क्लबात कशाला गेला होतात?

नवरा : चहा प्यायला.

बायको : चहाचा थर्मास माझ्या हातात आहे.

नवरा : क्लबाचा चहा वेगळा असतो.

बायको : अहो.

नवरा : फळ्यावर लिहून आलो. माघार.

बायको : बरं केलंत.

नवरा : म्हणजे तुला राग नाही आला?

बायको : राग कसला? या वाऱ्यात आपल्या होडीचं पान होईल, ते मलाही कळतं. कारण काय लिहिलंत?

नवरा : नेहमीचंच.

बायको : नेहमीचं म्हणजे?

नवरा : ती बघ, त्या यॉटची शिडी बघ. सागवान आहे.

बायको : नेहमीचं म्हणजे काय?

नवरा : कौटुंबिक कारण.

बायको : आपल्या कुटुंबात माणसं दोन. त्यातले तुम्ही तर ठणठणीत दिसताय.

नवरा : तू म्हणालीस की भीती वाटते, असं सांगितलं.

बायको : मी कधी म्हणाले?

नवरा : म्हणाली नाहीस. पण वाटली असती.

बायको : ‘वारा फार आहे’ असं लिहिता येत नाही का माणसाला?

नवरा : क्लबाच्या दारावर काय लिहिलंय? ‘हवामान हे कारण नव्हे.’ संस्थापकांनी स्वतःच्या हाताने रंगवलंय. हवामानासाठी शर्यत रद्द होत नाही आणि हवामानासाठी माघारही घेता येत नाही.

बायको : ते संस्थापक कशाने गेले?

नवरा : म्हातारपणाने. अंथरुणात.

बायको : वाटलंच.

नवरा : हे बघ, फळ्यावर कारणं चारच चालतात. दुरुस्ती, सरकारी काम, प्रकृती आणि कौटुंबिक. दुरुस्ती लिहिली की सेक्रेटरी होडी तपासायला येतो. सरकारशी माझं काही काम नाही. आणि प्रकृती मला लिहिता येत नाही. विम्याच्या ऑफिसातला माणूस मी. लोकांना धडधाकट आहात का विचारतो, आणि स्वतःच फळ्यावर आजारी? आमचे साहेब याच क्लबाचे सभासद आहेत.

बायको : म्हणून मी.

नवरा : तुझं काय जातंय त्यात? बाईमाणसाला भीती शोभून दिसते. ते बघ, दातांचे डॉक्टर त्या निळ्या यॉटपाशी उभे आहेत. जरा भेटून येतो. तू बस इथे, डॉक्टरीणबाई आहेतच.

डॉक्टरीण : या, या. बसा. या खुंटाला दोर नाहीये, त्यामुळे बसायला बरा आहे. बिस्किट घ्या. तुम्ही कोणतं कारण?

बायको : मी भीती. तुम्ही?

डॉक्टरीण : मी चक्कर. आधी पोटदुखी होते. पण डॉक्टरच्या बायकोला सारखं पोटात दुखायला लागलं तर पेशंट काय म्हणतील, म्हणून बदली करून घेतली.

बायको : तुमच्या डॉक्टरांचा पोटाशी संबंध काय? ते तर दात काढतात.

डॉक्टरीण : पेशंटला एवढं कुठे कळतं. आणि माझं सोडा, त्या वकिलाचं बघा. त्याची बायको चार महिने झाले माहेरी जाऊन बसलीये, परत येईना. तरी दर रविवारी इथे ती आजारी पडते.

बायको : आज फळ्यावर किती जण आहेत?

डॉक्टरीण : सगळे. अकराच्या अकरा. सरळ खाली एक रेघ ओढलीये, कौटुंबिक, कौटुंबिक, कौटुंबिक. एवढी काळजी आमच्या घरात वर्षभरात कुणी केली नाही माझी. तुम्ही संध्याकाळच्या सभेला येणार का?

बायको : कसली सभा?

डॉक्टरीण : अगंबाई, तुम्हाला सांगितलं नाही वाटतं. ठराव आहे आज. पुढच्या मोसमापासून होडीवर बायकांना घ्यायचं नाही.

बायको : काय म्हणून?

डॉक्टरीण : कौटुंबिक कारणांमुळे माघारीचं प्रमाण वाढलंय म्हणे. खेळाचा दर्जा खालावतोय. आमच्या ह्यांनीच मांडलाय. मला काय, बरंच आहे. मला पाणी बघितलं की खरंच मळमळतं. घरी झोपून राहीन.

बायको : मला नाही चालणार.

डॉक्टरीण : मग तुम्ही काय करणार दुसरं?

बायको : मी आठवडाभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बसते हो. कानात दुसऱ्यांची बोलणी. याचं त्याला जोडून दे, त्याचं याला तोडून दे. घरी आले की हे बोलतात. रविवारचे दोन तास त्या होडीवर कुणी काही बोलत नाही. दोर हातात असतो आणि वाऱ्याचं तेवढं ऐकायचं असतं. ते दोन तास गेले तर माझ्याकडे काय राहतं?

डॉक्टरीण : मग तुम्ही आज भीती व्हायला नको होतंत.

बायको : मला कुणी विचारलं का?

डॉक्टरीण : ते बघा, सेक्रेटरी येतोय. हातात खडू आहे. आज भलताच खुशीत दिसतोय.

सेक्रेटरी : नमस्कार, वहिनी. नमस्कार, डॉक्टरीणबाई, चक्कर कशी आहे?

डॉक्टरीण : आहे. फिरतेय.

सेक्रेटरी : जपा. आता सगळ्यांचीच नावं आली, म्हणजे शर्यतीचा प्रश्न मिटला. नाइलाज आहे. क्लब तयार होता, पण कुटुंबापुढे कोण काय करणार.

बायको : सेक्रेटरीसाहेब, आमचं कारण पुसा.

सेक्रेटरी : काय करा?

बायको : पुसा. खडूचंच आहे ना?

सेक्रेटरी : पुसता येतं, पण मग तुमची होडी शर्यतीत धरावी लागेल.

बायको : धरा.

सेक्रेटरी : वहिनी, एक जरी होडी उतरली तरी शर्यत होते. नियम आहे.

बायको : होऊ दे की. आम्ही पहिले येऊ.

सेक्रेटरी : आणि शर्यत झाली की पंच म्हणून मला ती छोटी नाव घेऊन बाहेर, होड्या वळतात त्या शेवटच्या तरंगत्या पिंपापाशी जाऊन बसावं लागतं. निशाण धरून.

बायको : मग बसा. दर वेळी बसताच की.

सेक्रेटरी : दर वेळी ऊन असतं. वहिनी, हळू बोला जरा, मला पोहता येत नाही.

डॉक्टरीण : मग तुम्हीही लिहा की कारण. कौटुंबिक.

सेक्रेटरी : माझं लग्न कुठे झालंय?

डॉक्टरीण : अरेरे.

सेक्रेटरी : वहिनी, हात जोडतो. थोडं घाबरा ना. क्लबासाठी.

बायको : चार वर्षं क्लबासाठीच घाबरतेय मी, हे आत्ता कळलं मला. आणि संध्याकाळी त्याच भीतीसाठी मला होडीवरून उतरवणार तुम्ही. खरं ना?

सेक्रेटरी : ठराव बहुमताने होतो. मी फक्त लिहून घेतो.

बायको : मग आत्ता पुसून घ्या.

नवरा : काय चाललंय? काय पुसायचंय? डॉक्टर म्हणतात त्या निळ्या यॉटचा नांगरसुद्धा पॉलिश केलेला आहे.

सेक्रेटरी : तुम्ही आलात ते बरं झालं. वहिनी म्हणताहेत, त्यांना भीती वाटत नाही.

नवरा : कधीपासून?

बायको : जन्मापासून.

नवरा : अगं, चारचौघांत हे काय. बाजूला ये जरा.

बायको : बाजूला कशाला? फळा काय बाजूला टांगलाय? तुम्हाला माहीत होतं ना ठरावाचं?

नवरा : ऐकलं होतं काहीतरी.

बायको : आणि तरी लिहिलंत.

नवरा : आज लिहिलं नसतं तरी ठराव होणारच होता. मोठी माणसं आहेत ती. माझ्या एकट्याच्या खडूने काय फरक पडतोय?

बायको : मला पडतोय. तुम्हाला भीती वाटते याचा मला राग नाही. मागे त्या जूनच्या शर्यतीत सुकाणू धरलेला तुमचा हात थरथरत होता. मी बघितलं होतं. काही बोलले का मी?

नवरा : तो थंडीने थरथरत होता.

बायको : बरं, थंडीने. पण तेव्हा मला वाटलं, हा माणूस घाबरतो आणि तरी मला घेऊन येतो. मला बरं वाटलं होतं हो. आता कळतंय की घेऊन यायचं कारण वेगळं होतं. छत्री न्यावी तशी मला नेत होतात.

डॉक्टरीण : मी जरा पलीकडे जाऊन बसू का?

बायको : बसा की इथेच. फळ्यावर तुम्हीही याच रकान्यात आहात.

सेक्रेटरी : पावणेदहा झाले.

बायको : सेक्रेटरीसाहेब, आमचं कारण पुसा. मी शीड चढवायला चालले. अहो, येणार असाल तर या. नाही आलात तर सुकाणूही मीच धरते.

नवरा : वेड लागलंय का तुला? बुडशील.

बायको : शक्य आहे.

सेक्रेटरी : वहिनी, तुमच्याबरोबर मीही बुडेन त्याचं काय?

नवरा : तू खरंच चाललीस?

बायको : खरंच.

नवरा : अगं, होडीपाशी पोचलीससुद्धा? तो दोर सोडू नकोस. थांब. थांब म्हणतो ना. सेक्रेटरीसाहेब, तो खडू आणा इकडे. नाही, तुम्हीच लिहा. पुसा ते. प्रकृती लिहा.

सेक्रेटरी : वहिनींची?

नवरा : माझी.

सेक्रेटरी : तुमची? अहो, तुमचे साहेब आत बसलेत चहा पीत. वहिनींचीच लिहू या की, बाईमाणसाच्या प्रकृतीला कुणी विचारत नाही.

नवरा : माझी म्हटलं ना.

सेक्रेटरी : बरं. काय होतंय? प्रकृतीला तपशील लागतो.

नवरा : पाय कापताहेत.

सेक्रेटरी : थंडीने?

नवरा : नाही. थंडीने नाही.

सेक्रेटरी : मग मी नुसतं ‘पाय’ लिहितो.

नवरा : लिहा. झालं तुझं समाधान? आता तो दोर ठेव खाली.

बायको : ठेवला. चहा घ्या. गरम आहे अजून.

*

डॉक्टरीण : सहासष्ट साल ना गं ते?

बायको : अडुसष्ट. तू सगळी वर्षं दोनाने मागे नेतेस. स्वतःच्या वयासकट.

डॉक्टरीण : जाऊ दे, चाळीस वर्षं झाली. तरी तुझा नवरा फळ्यासमोर उभा होता ते अजून डोळ्यांसमोर आहे. एवढं होऊन ठराव झालाच म्हणा संध्याकाळी.

बायको : झाला. विरोधात एकच हात वर.

डॉक्टरीण : तुझ्या नवऱ्याचा. तो बोलायला उभा राहिला तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, पाय बरे आहेत का आता? सगळे हसले.

बायको : हे मला त्यांनी कधीच सांगितलं नाही.

डॉक्टरीण : आमचेच हे म्हणाले होते. मला घरी येऊन मोठ्या कौतुकाने सांगितलं.

बायको : असू दे. पुढच्या मोसमात फिटलं ते.

डॉक्टरीण : काय वादळ होतं ते. आणि होड्यांवर एकही बायको नाही. सगळे फळ्यासमोर रांगेने उभे, खडू या हातातून त्या हातात. कुणाला काही सुचेना.

बायको : वकिलाने सरकारी काम लिहिलं.

डॉक्टरीण : रविवारी. सेक्रेटरीने विचारलं, कुठलं खातं? तर याला खातं आठवेना. मग काय, एकमेकांकडे बघत बघत उतरले पाण्यात. पहिली माघार घेणार कोण?

बायको : तीन होड्या उलटल्या.

डॉक्टरीण : आमच्या ह्यांना कोळ्यांनी जाळ्यातून काढलं. चष्मा मात्र नाकावर होता. आणि सेक्रेटरीने नावेत आडवं पडून, डोळे गच्च मिटून निकाल दिला.

बायको : पुढच्याच आठवड्यात ठराव मागे.

डॉक्टरीण : ‘कुटुंबसंस्थेच्या हितासाठी’ असा शब्द होता त्यात. आम्हाला सन्मानाने परत बोलावलं.

बायको : सेक्रेटरीने दोन महिन्यांत लग्न केलं.

डॉक्टरीण : केलंच. पुढे अध्यक्षही झाला. पोहायला शिकला नाही. बायको मात्र तब्येतीने दणकट मिळाली बिचाऱ्याला, शिंकसुद्धा आली नाही कधी तिला.

बायको : आणि वकील?

डॉक्टरीण : त्याची बायको आलीच नाही माहेराहून. शिवणकामाची शाळा काढली तिने तिकडे, चांगली चालली म्हणतात. इकडे फळ्यावर ती शेवटपर्यंत आजारीच होती. आमच्या ह्यांचं तुला माहीतच आहे.

बायको : ती निळी यॉट.

डॉक्टरीण : घेतली एकदाची. दवाखाना बंद केला आणि घेतली. धक्क्यावरून एकदाही हलवली नाही. दुपारचं जेवण झालं की तिच्यात जाऊन झोपायचे. झोपेतच गेले. पेपरात छापून आलं, समुद्राच्या कुशीत चिरविश्रांती. म्हटलं, राहू दे. गेलेल्या माणसाला कशाला दुरुस्त करायचं.

बायको : आता कुणाकडे आहे ती?

डॉक्टरीण : कुणाकडे नाही. तिथेच आहे. तिचं ते पितळ पुसायला मी माणूस लावलाय, का लावलाय ते विचारू नकोस. तुझ्या नवऱ्याला ऑफिसात फार त्रास झाला का गं त्या ‘पाय’चा?

बायको : बढती दोन वर्षं अडली. साहेब म्हणाले, ज्याचे स्वतःचे पाय ठाम नाहीत, त्याच्याकडून लोक विमा कसा घेणार. पण झालं उलटंच. लोक मुद्दाम ह्यांच्याकडे यायला लागले. म्हणायचे, हा माणूस खरं सांगतो.

डॉक्टरीण : आणि होडीवर?

बायको : होडीवर तर त्यांनी दुसऱ्या वर्षीच जागा बदलली. म्हणाले, सुकाणू तू धर, मी पुढे बसतो. लाटांकडे पाठ करून बसायचे, तोंड माझ्याकडे. माझ्या चेहऱ्यावरून ओळखायचे, मोठी येतेय का लहान.

डॉक्टरीण : भीती गेली मग?

बायको : छे. शेवटपर्यंत नाही गेली. शनिवारी संध्याकाळीच म्हणायला लागायचे, उद्या वारा पडेल का गं. पण यायचे. आणि नसेल यायचं तर सरळ सांगायचे, आज मी येत नाही. मग मी घरी दोघांपुरता चहा टाकायचे.

डॉक्टरीण : एकदा काहीतरी जिंकलात ना तुम्ही?

बायको : तिसरे आलो होतो. पाचांत.

डॉक्टरीण : आता त्यांना जाऊन किती झालं, वर्ष?

बायको : वर्ष होईल पुढच्या महिन्यात.

डॉक्टरीण : आणि तू अजून काढतेस होडी. या वयात, एकटी.

बायको : वारा नरम असला तरच. बंदराच्या आतल्या आत एक चक्कर मारते.

डॉक्टरीण : बोलायला कुणी नाही, करमतं का गं तुला?

बायको : बोलायचं तसंही फार नसतं. होडी वळवायची असली की पुढच्या माणसाला आधी सांगावं लागतं, ‘वळतेय, डोकं खाली’ म्हणून. नाहीतर शिडाची आडवी काठी फिरून त्याच्या डोक्यात बसते.

डॉक्टरीण : आता पुढे कोण आहे सांगायला?

बायको : कुणी नाही. सांगते, जरा थांबते, आणि मग वळते.